कात्रजचं पाणी आणि घरातला नळ

पुण्यात शिकून पुढे बंगळूर, हैदराबाद नाहीतर नागपूरला स्थिरावलेल्या माणसाला कंपनी कामासाठी पुन्हा पुण्यात धाडते, तेव्हा हॉटेल हमखास हिंजवडीचं किंवा खराडीचं मिळतं. ते आधी बदलून घ्यावं. गर्दीच्या वेळी हिंजवडीहून डेक्कनला यायला तास-दीड तास सहज जातो, आणि मग जुनं पुणं बघायचं राहतं ते राहतंच. मुक्काम स्वारगेट, टिळक रस्ता किंवा डेक्कनला असला की सकाळी सहा ते साडेआठ एवढा वेळ आपला स्वतःचा होतो. पायात साधे बूट, पाण्याची बाटली, ऑफिसचा शर्ट हॉटेलवर इस्त्री करून टांगलेला. एवढी तयारी पुरते.

या अडीच तासांत बहुतेक जण खायला जातात. १९३५ पासून चालू असलेल्या गुडलकचा बनमस्का, नारायण पेठेतल्या बेडेकरांची मिसळ, फर्ग्युसन रस्त्यावर वैशालीचा डोसा. जावंच. पण एका सकाळी एकच ठिकाण, आणि तेही चालून झाल्यावर. चव तीच राहिली आहे की नाही, एवढंच खाण्याच्या जागी कळतं. आपण राहायचो ते शहर कशावर उभं होतं, हे मात्र पाण्याच्या वाटेने चाललं तरच समजतं, असं माझं ठाम मत आहे. पेठेतल्या कॉट बेसिसवर, म्हणजे नुसती खाट भाड्याने घेऊन राहिलेल्या प्रत्येकाच्या आठवणीत पाणी असतंच: ठरावीक वेळेला येणारं, वाड्यातल्या हौदात पत्र्याखाली साठवलेलं, बादलीने वर न्यायचं.

सुरुवात पर्वतीपासून करावी. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये बांधलेलं देवदेवेश्वराचं मंदिर वर आहे. शंभराच्या आसपास पायऱ्या असल्या तरी त्या रुंद आणि उतरत्या आहेत, त्यामुळे दमेकऱ्यानेही थांबत थांबत वीस मिनिटांत वर पोचावं. वर गेल्यावर आधी दक्षिणेकडे तोंड करून उभं राहायचं. समोर कात्रजच्या घाटाची रांग दिसते. पायथ्याशी खडकवासल्याहून आलेला मुठा उजवा कालवा आणि पर्वती जलकेंद्र. उत्तरेला सारसबाग, जी एके काळी तळं होती आणि जिथला गणपती अजूनही तळ्यातलाच म्हणवतो. पलीकडे पेठा. पुण्याच्या पाण्याचा पावणेतीनशे वर्षांचा इतिहास एका जागी उभं राहून नजरेत मावतो, अशी दुसरी जागा मला माहीत नाही.

त्यातला सर्वांत जुना भाग जमिनीखाली आहे. १७५० च्या सुमारास नानासाहेबांनी कात्रजला तलाव बांधून घेतले आणि तिथून शनिवारवाड्यापर्यंत दगड-चुन्याचा बंदिस्त नळ आणला. नळ म्हणजे आज डोळ्यांपुढे येते तशी नळी नव्हे. माणूस आत शिरून साफसफाई करू शकेल असं ते भुयार होतं. पंप नव्हता, यंत्र नव्हतं. कात्रज उंचावर आणि शहर खाली, एवढ्यावर सगळं चालत होतं. हे वाटतं तितकं सोपं नाही. उतार जास्त ठेवला तर पाणी वेग घेतं आणि सांध्यांतला चुना खरवडून नेतं. कमी ठेवला तर गाळ बसतो आणि मार्ग तुंबतो. मैलोन्‌मैल तो नेमका मधला उतार धरून ठेवणं, आणि वाटेत ओढा आला, खडक आला तरी न सोडणं, यात गवंड्याची कसोटी होती.

दुसरी अडचण हवेची. बंद मार्गात वरच्या बाजूला हवा साचली की पाणी अडतं. म्हणून ठरावीक अंतरावर उच्छ्वास बांधले: जमिनीवर डोकं काढणारे दगडी मनोरे. त्यांतून हवा बाहेर जाई, आणि तिथूनच माणूस आत उतरून गाळ काढू शके. हा उच्छ्वास लक्षात ठेवावा. घरी परतल्यावर गच्चीवर तो पुन्हा भेटणार आहे.

पर्वती उतरून बाजीराव रस्त्याने उत्तरेकडे निघालं की या नळाने भरलेल्या हौदांच्या मुलखात आपण शिरतो. काही हौद अजून दिसतात, काहींची फक्त नावं चौकांना उरली आहेत. काळा हौद, फडके हौद, बदामी हौद. वाडे पडून इमारती आल्या तेव्हा कित्येक हौद वाहनतळाच्या फरशीखाली गेले. जे वाचले ते बहुधा देवळाच्या आवारात आहेत. तिथे बघायला जाताना पुजाऱ्याला किंवा शेजाऱ्याला विचारूनच आत जावं, आणि झाकण आपल्या हाताने उचलू नये. जुने दगड बुळबुळीत असतात आणि आत किती खोल आहे ते वरून कळत नाही.

शनिवारवाड्याचा पाया १७३० मध्ये घातला गेला आणि १८२८ च्या आगीत आतलं लाकूडकाम सगळं गेलं. आज आत जोती उरली आहेत, आणि कमळाच्या आकाराचं हजारी कारंजं. लोक त्याचा फोटो काढून पुढे जातात. तिथे दोन मिनिटं थांबून पाणी इथे उडत कसं असेल याचा विचार करावा. कारंजाचं तोंड जितकं खाली आणि पाण्याचा साठा जितका वर, तितकी धार उंच. दहा मीटर उंचीच्या पाण्याने दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो दाब मिळतो. हा हिशोब पेशव्यांच्या कारंजाला लागू होता, तसाच तो आपल्या शॉवरलाही लागू आहे.

पण पाण्याच्या वाटेने चालायचं तर ती वाट कुणासाठी बंद होती, हेही बघितलं पाहिजे. फरासखान्याजवळचा बाहुलीचा हौद डॉ. विश्राम रामजी घोले यांनी आपल्या लहानपणीच गेलेल्या मुलीच्या, काशीच्या स्मरणार्थ बांधला आणि सगळ्या जातींना खुला ठेवला. घोले नामांकित शल्यचिकित्सक, सत्यशोधक समाजातले मोठे कार्यकर्ते. मुलीला शिकवतात म्हणून नातलगांचा रोष त्यांनी ओढवून घेतला होता. मंडईहून पूर्वेला वीसेक मिनिटं चाललं की पूर्वीच्या गंज पेठेत महात्मा फुल्यांचा वाडा आहे. १८६८ मध्ये जोतीरावांनी घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. पुण्यात चार वर्षं काढूनही इथे कधीच न आलेले पुष्कळ जण असतात. कामाच्या दौऱ्यात एकच सकाळ हाताशी असेल, तर मिसळ सोडून द्यावी आणि इथे यावं.

नदीकाठाची पेठ बघायची असेल तर लकडी पुलापाशी जावं. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं मातीचं धरण फुटलं आणि त्या लोंढ्याने खाली खडकवासल्याचंही फुटलं. नारायण, शनिवार, कसबा, नदीलगतच्या सगळ्या पेठांत पाणी शिरलं. पानशेतचं काम अजून पुरं व्हायचं होतं. भरावातून पाणी सोडण्यासाठी नेलेल्या मोरीजवळ माती खचू लागली होती, आणि जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून धरण सकाळपर्यंत धरून ठेवलं. त्यामुळे माणसं हलायला वेळ मिळाला. पाणी अडवलं आहे तिथून नळी आरपार नेली की ती जागा नाजूक होते, हे पानशेतने दाखवलं. खडकवासलाच गेल्यावर शहराचे नळ कोरडे पडले, आणि जुन्या विहिरी, जुने हौद लोकांच्या कामी आले.

परतताना मंडईला मेट्रो घ्यावी. जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाला. स्वारगेटला त्यासाठी खोदकाम चालू असताना, २०१९ मध्ये, जुन्या पाण्याचे भुयारी मार्ग सापडले होते.

दौरा आटोपून शुक्रवारी रात्री घरी यावं, तर चार दिवस बंद असलेल्या घराला वास येत असतो. बाथरूमचा. लगेच फिनेल ओतायची गरज नाही. नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे मोरीच्या जाळीखालच्या वाटीसारख्या भागात, साधारण दोन इंच पाणी कायम उभं असतं, आणि गटारातली हवा तेच अडवतं. उन्हाळ्यात, त्यातही पंखा किंवा एक्झॉस्ट चालू राहिला असेल तर, हे पाणी उडून जातं. प्रत्येक जाळीत, वॉशिंग मशीनच्या आणि बाल्कनीच्या जाळीतही, अर्धी बादली पाणी टाकावं. दहा मिनिटांत वास कमी झाला तर कारण हेच होतं. झाला नाही तर ट्रॅपची आतली वाटी उचलून बघावी. ती तिरकी बसलेली असते किंवा सफाईवाल्याने काढून ठेवलेली असते. लांब जायचं असेल तर पाण्यावर दोन चमचे गोडंतेल सोडून जावं. तेलाचा थर पाणी उडू देत नाही.

नळांमधलं चार दिवसांचं पाणी प्यायला घेऊ नये. मिनिटभर वाहू द्यावं आणि बादलीत धरून फरशीला वापरावं.

शनिवारी गळका नळ. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला निदान चार लिटर. थेंब मोठा असला तर याच्या कितीतरी पट. आधी नळ कोणत्या जातीचा आहे ते ओळखायचं. बंद करायला तीन-चार वेढे फिरवावा लागतो तो वॉशरचा, पाव वेढ्यात बंद होतो तो सिरॅमिक चकत्यांचा. मुख्य व्हॉल्व बंद करून नळ उघडा ठेवावा म्हणजे उरलेलं पाणी निघून जातं. मोरीच्या जाळीवर फडकं अंथरावं, कारण स्क्रू तिथेच पडतो. मुठीवरची टोपी नखाने काढून आतला स्क्रू सोडवायचा, मूठ उपसायची, मग पान्याने स्पिंडलचा, म्हणजे मुठीबरोबर फिरणाऱ्या आतल्या दांड्याचा, नट घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायचा. पान्याच्या तोंडात फडकं धरलं तर क्रोमवर ओरखडे येत नाहीत.

वॉशरच्या नळात स्पिंडलच्या टोकाला रबराची चकती असते. तिच्यावर गोल खाच पडलेली असेल तर चकती बदलायची. पण नवी बसवण्याआधी बोट आत घालून नळाची बैठक, म्हणजे चकती जिच्यावर टेकते ती कडा, चाचपावी. बैठकीच्या कडेवर चरा असेल तर नवा वॉशर महिन्याभरात कापला जातो, आणि मग लोक वॉशरला दोष देतात. अशा वेळी बैठक घासून घ्यावी नाहीतर नळच बदलावा. गळतोय म्हणून मूठ जोर लावून आवळत राहणं हा सर्वांत वाईट उपाय. बैठक त्यानेच खराब होते.

पाव वेढ्याच्या नळात दोन चकत्या एकमेकींवर घासतात. त्यांच्यात वाळूचा कण अडकला तरी पाणी ठिबकतं, म्हणून आधी स्पिंडल धुऊन, रबरी रिंग तपासून परत लावून बघावं. तरीही गळलं तर अख्खं स्पिंडल नवं घ्यायचं. दुकानात जाताना जुनं सोबत न्यायचंच. वरचे दाते कमी-जास्त असतात, लांबीत फरक असतो, आणि गरम-गारच्या जोडीत एक डावीकडे उघडणारं तर दुसरं उजवीकडे उघडणारं असू शकतं. नाव सांगून आणलेलं स्पिंडल परत करायला जावं लागतं, हे प्रत्येक हार्डवेअरवाल्याला ठाऊक असतं.

अख्खा नळ बदलायचा असेल तर टेफ्लॉन टेपची दिशा सांभाळावी. आट्यांचं तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या दिशेने, ताणून, दहा-बारा वेढे. पहिला आटा मोकळा सोडायचा. उलट गुंडाळलेली टेप नळ बसवताना गोळा होऊन बाहेर येते. हाताने बसेल तितका बसवून पान्याने एखाद-दीड वेढा पुरे. तोंड सरळ खाली आणायला थोडं मागे फिरवलं तर टेप फाटते आणि सांधा पाझरतो. अशा वेळी काढून नव्याने गुंडाळावी. भिंतीत सीपीव्हीसीचा, म्हणजे प्लास्टिकचा, एल्बो (वळणाचा सांधा) असेल तर जोर अजिबात नको. त्याला पडलेली बारीक चीर त्या दिवशी दिसत नाही. काही आठवड्यांनी भिंतीच्या पलीकडे, बेडरूमच्या रंगावर दिसते.

फ्लशची टाकी गळते की नाही हे कानाला कळत नाही. टाकीत खायचा रंग चिमूटभर टाकून वीस मिनिटं फ्लश करायचं नाही. भांड्यात रंग उतरला तर तळाच्या झडपेची रबरी रिंग गेली. बहुतेकदा ती फाटलेली नसते, क्षाराने खरबरीत झालेली असते, आणि लिंबूफुलाच्या कोमट पाण्यात तासभर ठेवून पुसली की पुन्हा नीट बसते. नळाच्या तोंडच्या आणि शॉवरच्या जाळ्याही त्याच पाण्यात टाकाव्यात. टाकीतलं पाणी ओव्हरफ्लोच्या तोंडापेक्षा इंचभर खाली थांबेल असा बॉल कॉक, म्हणजे तरंगत्या गोळ्याने पाणी बंद करणारा नळ, लावून घ्यावा.

रविवार टाकीचा. हजार लिटरची टाकी धरू. आदल्या दिवशी भरणारा व्हॉल्व बंद करून पाणी वापरून संपवावं, तळाला वीतभर ठेवावं. गीझरचं बटण बंद आणि त्याचा व्हॉल्वही बंद. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्राचा व्हॉल्व तर न विसरता बंद करावा, कारण क्लोरिनने त्याचा पडदा खराब होतो. आतून नायलॉनच्या ब्रशने घासावं. साबण लावू नये, तो पुढे आठवडाभर पाण्यात उतरतो. गाळ तळाच्या तोंडाने काढून टाकावा आणि दोनदा विसळावं.

मग टाकी भरून ब्लिचिंग पावडर. ताज्या पावडरीत क्लोरिन साधारण एक तृतीयांश असतं, त्या हिशोबाने हजार लिटरला दीडशे ग्रॅम. पावडर थेट टाकली तर चुना तळाला बसतो. बादलीत कालवून दहा मिनिटं निवळू द्यावी आणि वरचं पाणी तेवढं ओतावं. घरातला प्रत्येक नळ क्लोरिनचा वास येईपर्यंत उघडून बंद करावा, म्हणजे पाइपही धुतले जातात. किमान चार तास तसंच ठेवावं. हे पाणी पिऊ नये, अंगावर घेऊ नये, झाडांना घालू नये. सगळं सोडून देऊन टाकी पुन्हा भरावी. जुनी, पिशवी उघडी राहिलेली पावडर निरुपयोगी असते. आणि संडास-फरशी साफ करायचं ॲसिड त्या दिवशी कपाटाबाहेर काढूच नये. ब्लिचिंग आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरिन वायू होतो. बंद बाथरूममध्ये तो जीव घेऊ शकतो. जमिनीखालच्या टाकीत घरच्या माणसाने उतरू नये. तिथे खालची हवा वाईट असू शकते आणि आत घसरलेल्याला काढायला गेलेला दुसराही सापडतो.

टाकी भरल्यावर नळ फुरफुरतात, धार तुटते, वरच्या मजल्यावर तर पाणीच येत नाही. पाइपमध्ये हवा कोंडली आहे. सर्वांत खालचा नळ पूर्ण उघडून पाच मिनिटं सोडून द्यावा, मग क्रमाने वरचे. दर वेळी हेच होत असेल तर गच्चीवर जाऊन बघावं. टाकीतून निघणाऱ्या पाइपला व्हॉल्वनंतर एक उभी, वाकड्या तोंडाची नळी असायला हवी, टाकीच्या कडेपेक्षा उंच. तोच उच्छ्वास. पुष्कळ इमारतींत ती नसते, किंवा तिथून पाणी उडतं म्हणून कुणीतरी तिला बूच मारलेलं असतं. पाणी उडण्याचं कारण तिची उंची कमी असणं. नळी फूटभर वाढवावी आणि बूच काढावं.

वरच्या मजल्यावर शॉवर रडतो, त्यालाही शनिवारवाड्याचा हिशोब लावावा. टाकीचा तळ आणि शॉवरचं तोंड यांत अंतर दोन मीटर असेल तर दाब मिळतो पाव किलोहून कमी. मोठ्या चकतीचे शॉवर एक-दीड किलो दाबासाठी बनवलेले असतात. इथे महागडा शॉवर घेऊन उपयोग नाही. टाकीचा चौथरा दीड मीटर उंच केला तर फरक पडतो, पण भरलेल्या टाकीचं वजन टनभर असतं, म्हणून इमारतीच्या इंजिनिअरला विचारल्याशिवाय तो वाढवू नये. नाहीतर छोटा प्रेशर पंप बसवावा.

शेवटी ओल. खालच्या घरात छताला डाग आला की फरशी उखडायची घाई होते. त्याआधी जिथून जिथून पाइप भिंतीतून किंवा स्लॅबमधून आरपार जातो त्या जागा बघाव्यात: कमोडचं तोंड, नहाणीची कड, गीझरच्या नळ्या. गळती बहुधा तिथलीच असते आणि ग्राउटिंगने, म्हणजे फटी सिमेंटसारख्या मिश्रणाने भरून, भागते. डाग कायम ओला आहे की आंघोळीनंतरच वाढतो, हेही पाहावं. आंघोळीनंतर वाढणारा डाग सांडपाण्याचा असतो. कायम ओला असेल तर दाबाखालच्या पाइपचा संशय घ्यावा आणि मीटर तपासावा. रात्री टाकीकडे जाणारा व्हॉल्व आणि घरातले सगळे नळ बंद करून मीटरचा आकडा लिहून ठेवायचा, सकाळी पहिला नळ उघडण्याआधी पुन्हा लिहायचा. आकडा हलला असेल तर गळती मीटर आणि टाकी यांच्यामधल्या पाइपात आहे. हलला नसेल तर टाकीच्या पातळीवर खडूने खूण करून तीच परीक्षा खालच्या बाजूसाठी घ्यायची, या वेळी भरणारा व्हॉल्व बंद आणि टाकीचा उघडा ठेवून. दोन्ही आकडे आणि डागाचा फोटो प्लंबरला आधी पाठवले, तर कोणता पाइप उघडायचा हे तो घरी येण्याआधीच ठरवतो आणि बाकीच्या फरशा वाचतात.